श्रद्धेचा वारसा : निशातगंज ते केडगाव

लखनौमध्ये गोमतीच्या उत्तरेला निशातगंजकडे निघाले की फैजाबाद रस्त्यावर चाँदबागेचे विस्तीर्ण आवार लागते. इझाबेला थोबर्न कॉलेज १९२३ पासून येथे आहे आणि शेजारचा चौक ‘आयटी चौराहा’ या नावाने साऱ्या लखनौला परिचित आहे. निशातगंजच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीप्रमाणेच हे कॉलेजही या परिसरातील ख्रिस्ती वस्तीच्या इतिहासाची एक खूण आहे. मराठी माध्यमाच्या शाळेच्या हीरक महोत्सवी ग्रंथात लखनौची आठवण कशासाठी, असे कोणी विचारील. तिचे कारण एका प्रश्नात आहे. आईवडील आपल्या श्रद्धेचा वारसा मुलाला कसा देतात, त्यात शाळेचा वाटा किती आणि खुद्द मुलाच्या मनाला स्थान कोणते, हा तो प्रश्न. एकोणिसाव्या शतकातील भारतीय ख्रिस्ती कुटुंबांना तो सर्वांत तीव्रतेने भेडसावला. कारण त्यांच्या हाती तयार उत्तर नव्हते. लखनौत त्याला एक उत्तर मिळाले, तर महाराष्ट्रात त्यावरून न्यायालय, वर्तमानपत्रे आणि माजघर अशा तिन्ही ठिकाणी झुंजी झाल्या.

अमीनाबादेतील सहा मुली

अमेरिकन मेथडिस्ट स्त्रियांच्या संस्थेने पाठविलेल्या इझाबेला थोबर्न आणि डॉ. क्लारा स्वेन या दोघी जानेवारी १८७० मध्ये मुंबईच्या बंदरात उतरल्या. डॉ. स्वेन बरेलीला गेल्या आणि थोबर्नबाई लखनौला. १८ एप्रिल १८७० रोजी अमीनाबादच्या बाजारातील एका खोलीत त्यांनी शाळा सुरू केली. पहिल्या दिवशी मुली होत्या सहा, आणि दाराशी हाती काठी घेऊन एक मुलगा राखणीला उभा होता. मुलींनी शिकणे ही गोष्टच शहराला इतकी नवी होती. पुढच्याच वर्षी शाळेला लालबाग येथे स्वतःची जागा मिळाली आणि वसतिगृह सुरू झाले. १८८६ मध्ये तेथे महाविद्यालयीन वर्ग निघाले. आज चाँदबागेत दिसणाऱ्या कॉलेजचे मूळ ते हेच.

थोबर्नबाईंनी प्रथम ख्रिस्ती घरांतील मुलींकडे लक्ष दिले, यामागे एक निश्चित विचार होता. उत्तर हिंदुस्थानातील मेथडिस्ट समाज त्या काळी बहुतांशी पहिल्या पिढीचा होता. ज्या आईबापांनी स्वतः मोठेपणी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या बालपणीच्या आठवणींत ख्रिस्ती असे काहीच नव्हते. त्यांना आजीने सांगितलेल्या गोष्टी निराळ्या, अंगाई निराळी, सण निराळे. जे आपल्याला लहानपणी मिळाले नाही ते मुलांना द्यायचे कसे, ही त्यांची अडचण होती. ही पोकळी शाळेने आणि वसतिगृहाने भरून काढली. सकाळसंध्याकाळची प्रार्थना, बायबलमधील गोष्टी, भजने आणि रविवारची शब्बाथशाळा यांतून एका पिढीचे ख्रिस्ती बालपण घडले. त्या मुली पुढे शिक्षिका झाल्या, आया झाल्या, आणि मग ही शिकवण घराघरांत स्वतःच्या पायांवर उभी राहिली.

याचे फळ लवकरच दिसले. गोरखपूरकडील लीलावती सिंह याच संस्थेत शिकल्या, येथेच अध्यापिका झाल्या आणि १९०० मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक मिशनरी परिषदेत आपल्या गुरूंच्या सोबत उभ्या राहून बोलल्या. थोबर्नबाईंना १ सप्टेंबर १९०१ रोजी लखनौतच पटकीने मृत्यू आला. १९३९ मध्ये कॉन्स्टन्स प्रेमनाथ दास या कॉलेजच्या पहिल्या भारतीय प्राचार्या झाल्या. अमीनाबादच्या त्या खोलीपासून येथवर यायला सुमारे सत्तर वर्षे लागली होती.

या आवारात केवळ ख्रिस्ती मुलीच वाढल्या असे मात्र नाही. इस्मत चुगताई आणि कुर्रतुलऐन हैदर या उर्दूच्या दोन मोठ्या लेखिका आयटीच्याच विद्यार्थिनी. ख्रिस्ती उपासनेचा सूर ज्या आवारात रोज कानी पडे, तेथे राहून त्या आपापल्या मार्गाने गेल्या. संस्थेची श्रद्धा आणि विद्यार्थिनीचे मन या दोन वस्तू वेगळ्या राहू शकतात, याचा हा चांगला दाखला आहे. परंतु ही वेगळीक सर्वत्र इतक्या सहजपणे साधली नाही.

लखनौहून मराठी मुलुखाकडे येणारा एक धागा येथेच हाती लागतो. मेथडिस्ट स्त्रियांनी १८८४ मध्ये लखनौहून स्त्रियांसाठी ‘रफीक-इ-निस्वाँ’ हे नियतकालिक उर्दू आणि हिंदीत सुरू केले. पुढे त्याच्या बंगाली, तमिळ व मराठी आवृत्त्याही निघाल्या. आईच्या हाती तिच्या भाषेत वाचायला काही असावे, म्हणजे ते मुलापर्यंत पोहोचेल, हा त्यामागचा हिशेब होता. महाराष्ट्राला मात्र हा हिशेब नवा नव्हता.

आधी भाषा, मग धडा

कोकणीमराठी प्रदेशात ख्रिस्ती बालशिक्षणाची परंपरा सतराव्या शतकापर्यंत मागे जाते. साष्टीत आयुष्य घालविलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. जुनी पुराणे हातून गेलेल्या नवख्रिस्ती कुटुंबांना ओवीबद्ध असे त्यांचे स्वतःचे पुराण मिळावे, ही त्यामागील गरज होती. त्यांच्या निधनानंतर १६२२ मध्ये त्यांची कोकणीतील ‘दोत्रिना’ प्रसिद्ध झाली. गुरूने विचारावे आणि शिष्याने उत्तर द्यावे, अशा संवादाच्या रूपात धर्माची मूलतत्त्वे सांगणारे हे पुस्तक होय. गोव्यातील ख्रिस्ती मुले पिढ्यान्‌पिढ्या दोत्रिन पाठ करीत आली, ती याच परंपरेतून.

प्रॉटेस्टंट मिशनांचा काळ त्यानंतर दोन शतकांनी आला. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८२७ च्या अखेरीस मुंबईत आल्या आणि १८३९ पासून अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवू लागल्या. याच शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींच्या शिक्षणाला त्यांनी आरंभ केला, हे सर्वश्रुत आहे. १८५४-५५ मध्ये बोस्टनहून आलेल्या रूफस अँडरसन यांच्या शिष्टमंडळाने मिशनच्या इंग्रजी शाळांऐवजी देशी भाषेतील शाळांवर भर द्यावा असे ठरविले. या निर्णयावर तेव्हाही वाद झाला, कारण इंग्रजी ही नोकरीची वाट होती. तरी त्याचा एक परिणाम निश्चित झाला. नगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती मुलांनी देवाचे नाव मराठीतच ऐकले. मराठी माध्यमाच्या शाळांचा पूर्वेतिहास लिहिताना हे पान वगळता येत नाही.

या मुलांसाठी वाचायलाही मराठीतच हवे होते. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये अहमदनगरला निघाला होता. त्यापाठोपाठ १८७० च्या दशकात अमेरिकन मिशनने मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक सुरू केले. गोष्टी, निसर्गाची माहिती, चित्रे आणि सदुपदेश असा त्याचा थाट होता. मराठी बालसाहित्याच्या आरंभकाळात त्याला मानाचे स्थान आहे, आणि त्याचे वाचक केवळ ख्रिस्ती घरांतील नव्हते.

न्यायालयात उभे केलेले मूल

मासिके व शाळा हा या इतिहासाचा प्रसन्न भाग झाला. त्याची दुसरी बाजू १८४३ च्या मुंबईत दिसते. त्या वर्षी नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपाद, वय बारा वर्षांच्या आसपास, तोही मिशनऱ्यांकडे राहत होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने मुलगा अज्ञान असल्याचे मानून त्याला वडिलांच्या ताब्यात दिले.

येथे प्रकरण संपावयास हवे होते. खरे म्हणजे ते येथून सुरू झाले. मुलाचा मिशनऱ्यांच्या घरी अन्नव्यवहार झाला होता. त्यामुळे घर परत मिळाले तरी जात परत मिळेना. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकर यांनी पुढाकार घेतला आणि सनातन्यांचा रोष पत्करला. मिशनऱ्यांना वाटे, एक जीव हातचा गेला. सनातन्यांना वाटे, एक मूल बाटले. दोन्ही बाजूंच्या विचारात श्रीपाद हा जिंकलेला किंवा गमावलेला ऐवज होता. न्यायालयाने त्याचा ताबा कोणाकडे असावा हे ठरविले. त्याच्या मनात काय आहे हे ऐकण्याची सोय तत्कालीन कायद्यात नव्हती. थोरला भाऊ नारायण पुढे नामांकित धर्मोपदेशक झाला आणि जालन्याजवळ त्याने बेथेल ही वसाहत वसविली. श्रीपादचे नाव मात्र इतिहासात राहिले ते त्याच्यासंबंधी इतरांनी केलेल्या वादापुरते.

या प्रकरणाने मराठी समाजाच्या मनात एक भय कायमचे रुजविले. मिशनच्या शाळेत मूल घालणे म्हणजे ते गमावणे, हे ते भय होय. पुढच्या अर्धशतकात शाळा आणि धर्म यांविषयी जे जे वाद झाले त्यांत या भयाचा अंश आहे.

वाँटेजची पत्रे

पन्नास वर्षांनी याच वादाच्या केंद्रस्थानी आलेल्या पंडिता रमाबाईंनी तो प्रथम अनुभवला तो आई म्हणून, आणि तोही दूर इंग्लंडमध्ये. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंचे आईवडील १८७४ च्या दुष्काळात गेले. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या इराद्याने त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या भगिनींकडे राहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी आई आणि मुलगी या दोघींचा बाप्तिस्मा तेथे झाला. संघातील सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. रमाबाई पत्रांत त्यांना ‘आजीबाई’ म्हणत.

पुढे रमाबाई शिकण्यास व शिकविण्यास चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात गेल्या आणि छोटी मनोरमा बराच काळ वाँटेजच्या भगिनींच्या देखरेखीखाली राहिली. येथेच ठिणगी पडली. मुलीला चर्चची शिकवण यथासांग मिळावी, इंग्लिश चर्चच्या सिद्धांतांचा स्वीकार तिने बालपणीच करावा, असे जेराल्डिन यांना वाटे. रमाबाईंनी ख्रिस्ताचा स्वीकार केला होता, परंतु त्रैक्याचा सिद्धांत आणि धर्मगुरूंचा अधिकार यांविषयी त्यांचे मन निःशंक नव्हते. भारतातील पुरोहितशाहीच्या जोखडातून नुकत्याच सुटलेल्या त्या विदुषीला दुसरे जोखड मानेवर घ्यावयाचे नव्हते. जे आपल्याला पटलेले नाही ते आपल्या अजाण मुलीला सत्य म्हणून शिकविले जाऊ नये, आणि याचा निर्णय करण्याचा अधिकार आईचा आहे, संस्थेचा नाही, अशी त्यांची भूमिका होती.

हा वाद केवळ तत्त्वांचा नव्हता. तो ताटापर्यंत आला होता. रमाबाई शाकाहारी होत्या आणि अंडी घातलेले गोडधोडही घेत नसत. भगिनींना हा हट्ट वाटे. रमाबाईंना तो आपल्या देशाशी उरलेला संबंध वाटे. गळ्यात घालावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे का असावीत, संस्कृत का नसावीत, असाही प्रश्न त्यांनी केला. मनोरमा ख्रिस्ती व्हावी, परंतु इंग्रज होऊ नये, तिची भाषा, तिचा पोशाख, तिचे अन्न ही तिच्या देशातली असावीत, हा त्यांचा आग्रह होता. ख्रिस्ती होणे आणि परके होणे या दोहोंत अंतर आहे, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारी ती बहुधा पहिली मराठी आई असावी.

जेराल्डिन यांची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. त्यांनी परक्या मुलीला मायेने सांभाळले होते. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाच्या धर्मशिक्षणाची हमी घेणे हे धर्ममातेचे कर्तव्य, अशी त्यांच्या चर्चची रीत होती. आईच शंकेत असेल तर मुलीचे काय, ही त्यांची चिंता खरी होती. दोघींचा हा पत्रव्यवहार जेराल्डिन यांनीच जतन केला, पुढे अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली तो १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका मुलीवर दोन बायांचे निरनिराळ्या रीतीने जडलेले प्रेम त्यात दिसते आणि त्या प्रेमाला लागलेली अधिकाराची कडाही दिसते.

उघडे दार

अमेरिकेत मदत गोळा करून रमाबाई परत आल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, मुलींचे आचार, सोवळेओवळे, पूजा यांत हस्तक्षेप होणार नाही, असे आश्वासन होते. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार म्हणून होती. या सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये तिचा पुनर्विवाह झाला आणि त्यातून महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाची आणखी एक मोठी शाखा फुटली.

रमाबाईंनी आश्वासन मोडून वर्गात बायबल शिकविले नाही. परंतु आपल्या खोलीत त्या मनोरमेसह रोज प्रार्थना करीत आणि त्या वेळी दार उघडे ठेवीत. काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपल्या घरात आपल्या मुलीसह प्रार्थना करण्याचा आपल्याला हक्क आहे. कोणाला बोलाविलेले नाही आणि येणाऱ्याला हाकलायचेही नाही. पालकांचे आणि सल्लागारांचे म्हणणे असे की, ज्या बाईवर मुलींचे सारे आयुष्य अवलंबून आहे तिचे उघडे दार हे बोलावणेच होय. ‘केसरी’ने कडक टीका केली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले आणि सुमारे पंचवीस मुलींना सदनातून काढून नेण्यात आले.

हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. १८८५ च्या सुमारास चेल्टनहॅमहून एक आई संस्थेला बजावीत होती की, माझ्या मुलीला काय शिकवायचे ते मी ठरवीन. आठ वर्षांनी पुण्यातील पालक जवळजवळ याच शब्दांत त्याच आईला बजावीत होते. आता संस्था तिची होती आणि शंका त्यांच्या होत्या. रमाबाईंवर विश्वासघाताचा आरोप करणाऱ्यांनी त्यांचे वाँटेजमधील भांडण पाहिलेले नव्हते; आणि स्वतः रमाबाईंना त्या भांडणाची आठवण या वेळी झाली असेल तर तिने त्यांचा निर्णय बदलला नाही. १८९१ नंतर त्यांची ख्रिस्तश्रद्धा अधिक उत्कट झाली होती. जे आपल्याला सर्वांत मोलाचे वाटते ते दाराआड लपवून ठेवणे त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटे. दुसऱ्या बाजूला, विधवा मुलींना त्या सदनावाचून दुसरे छप्परच नव्हते. जिला जाण्याला दुसरी जागा नाही, तिची संमती किती मोकळी म्हणावी? हा प्रश्नही तितकाच खरा होता आणि आजही वसतिगृह चालविणाऱ्या कोणत्याही धर्माच्या संस्थेपुढे तो आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या आणि पुण्याजवळ केडगाव येथे मुक्ती मिशन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. या मुलींपैकी बहुतेकींच्या वतीने आक्षेप घ्यायला कोणी उरले नव्हते. येथे मात्र शिकवण उघडपणे ख्रिस्ती होती. तरी वाँटेजमधील आग्रह रमाबाईंनी सोडला नाही. राहणी देशी, भाषा मराठी, आणि हाताला काम, असा केडगावचा क्रम होता. शेती, विणकाम, छापखाना सारे मुलीच चालवीत. मनोरमेने परदेशात ब्रेल लिपी शिकून येथील अंध मुलींच्या शिक्षणाला हातभार लावला. आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून सामान्य स्त्रीला कळेल अशा सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. ते १९२४ मध्ये संपूर्ण छापून झाले. तेव्हा दोघीही नव्हत्या. मनोरमा १९२१ मध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी गेली आणि रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी. जिच्या श्रद्धेवरून एकेकाळी दोन मोठ्या स्त्रिया भांडल्या, ती मुलगी प्रौढपणी आपल्या इच्छेने आईच्या कामात उभी राहिली होती.

नगरचे एक घर

केडगाव ही संस्था होती. ज्या घरात आई एका श्रद्धेची आणि बाप दुसऱ्या, तेथील मुलाचे काय? रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या कुटुंबाने हा प्रश्न जगून पाहिला. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मुलगा दत्तू तेव्हा अगदी लहान होता. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे त्या मुलाला घेऊन पतीपासून दूर राहिल्या. पुढे त्या नगरला पतीकडे आल्या, त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. आपले सोवळे, आपली चूल, आपला देव्हारा घेऊन. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाईंचे मन आपल्या गतीने, आपल्या अनुभवांनी बदलत गेले आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हा सारा प्रवास त्यांनी अशा मोकळ्या विनोदाने सांगितला आहे की, धर्मांतरासारख्या विषयावरचे ते पुस्तक सर्व धर्मांच्या मराठी घरांत आपुलकीने वाचले गेले.

‘फुलामुलांचे कवी’ म्हणून मराठीने ज्यांना ओळखले त्या टिळकांनी मुलांच्या श्रद्धेचा प्रश्न आपल्या परीने सोडविला. त्यांनी वाद घातले नाहीत, गाणी लिहिली. इंग्रजी चालींवर बसविलेल्या भाषांतरित गीतांनी मराठी मुलाच्या मनाला हात लागत नाही, हे त्यांनी ओळखले होते. अभंग, ओवी, भजन या घराघरांत रुळलेल्या रूपांत त्यांनी ख्रिस्तभक्ती ओतली. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात त्यांच्या रचना मोठ्या संख्येने आहेत. ज्ञानेश्वर-तुकोबांची लय कानात असलेल्या आजीला आणि शब्बाथशाळेत जाणाऱ्या नातवाला एकाच वेळी गाता येईल अशी प्रार्थना प्रथमच मिळाली. थॉमस स्टीफन्स यांनी तीन शतकांपूर्वी ओवीत जे साधले, त्याचेच हे नवे रूप होते.

याच घरात तरुण कवी त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, काही काळ मुलासारखे राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर आईसारखी माया केली. बालकवी हिंदूच राहिले आणि त्यामुळे त्या मायेत उणेपणा आला नाही. धर्म बदललेल्या घराविषयी त्या काळच्या समाजात जे भय होते त्याला याहून बोलके उत्तर सापडणे कठीण. दत्तू म्हणजेच देवदत्त टिळक पुढे ख्रिस्ती सेवक व लेखक झाले आणि ‘बालबोधमेवा’चे संपादनही त्यांनी केले. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी हाती घेतले व त्याचा बहुतेक भाग त्यांनीच रचला.

कायदा आणि त्यापलीकडे

१८४३ मध्ये न्यायालयाला फक्त वडिलांचा हक्क दिसला होता. त्यानंतर कायदा बराच पुढे आला आहे. भारतीय राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदानुसार संपूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतील कोणालाही स्वतःच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धर्मशिक्षणात वा उपासनेत भाग घेण्यास लावता येत नाही. ३० वा अनुच्छेद अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था चालविण्याचा अधिकार देतो. पुण्यातील पालकांची मागणी आणि रमाबाईंची मागणी अशा रीतीने एकाच घटनेत शेजारी बसल्या आहेत. १९८९ च्या बालहक्कविषयक आंतरराष्ट्रीय संहितेने त्यापुढचे पाऊल टाकले. मुलाला विचार, सद्सद्विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य आहे, आणि पालकांनी त्याच्या वाढत्या समजेनुसार त्याला मार्गदर्शन करावे, असे तिचा १४ वा अनुच्छेद सांगतो. भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. वडील, संस्था आणि मूल या तिघांपैकी तिसऱ्याला कायद्याने नाव दिले, ते श्रीपाद शेषाद्रीनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी.

तरीही श्रद्धा मुलाच्या मनात उतरते ती कायद्याने नव्हे. वर सांगितलेल्या कुटुंबांच्या इतिहासातून काही गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात. श्रद्धा मातृभाषेत, ओळखीच्या चालीत आणि घरच्या अन्नाबरोबर आली तिथे ती परकी राहिली नाही. मोठ्यांनी स्वतःच्या शंका न लपविता मुलाशी प्रामाणिकपणा राखला, तिथे मूल पुढे आपल्या पायांनी चालत आले. आणि मुलाला हक्काचा ऐवज समजून दोन्ही बाजूंनी ओढले गेले, तिथे मूलच हरवले. हे केवळ ख्रिस्ती कुटुंबांचे सत्य नाही. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावणाऱ्या, नमाजाला उठणाऱ्या, विहारात वंदना म्हणणाऱ्या, किंवा यांपैकी काहीच न करता मुलाला केवळ खरे बोलायला शिकविणाऱ्या प्रत्येक घराला ते लागू पडते.

मराठी माध्यमाच्या शाळेत वर्षानुवर्षे निरनिराळ्या घरांतील मुले एका बाकावर बसत आली. प्रत्येकाच्या दप्तरात पाटी-पुस्तकासह त्याच्या घरचा देवही न दिसता येत होता. शिक्षकांनी त्या सर्वांना एक भाषा दिली आणि घरच्या वारशाचा मान राखला. साठ वर्षांच्या हिशेबात परीक्षांचे निकाल आणि इमारतींची उंची नोंदली जाईल. त्याच हिशेबात या गोष्टीचीही नोंद असावी, कारण पुढील पिढीचे पालक याच बाकांवर बसून गेलेले आहेत.